हललेलं डोकं आणि पार्किन्सनचा स्कॅन: माझा अनुभव

पार्किन्सनच्या पेशंटवर एमआरआयचं संशोधन करायचं म्हटलं की एक अडचण पहिल्या दिवसापासून सोबत असते. स्कॅनरला दगडासारखं स्थिर डोकं लागतं आणि ज्याचा अभ्यास करायचा तो आजारच हालचालीचा. निरोगी माणूस दहा मिनिटं निपचित पडून राहू शकतो. पेशंटचा हात थरथरतो, मान आखडते, घशात लाळ साचते, पाठ दुखायला लागते. मग दोन गटांची तुलना केली की फरक हमखास सापडतो. तो फरक मेंदूतला की टेबलावरच्या हालचालीतला, हे ठरवण्यात या कामातला बहुतेक वेळ जातो, आणि जायलाच हवा. प्रस्तावापासून निकालापर्यंत मी ज्या क्रमाने जाते, जवळपास त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. नव्याने असा अभ्यास उभा करणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा आणि अशा अभ्यासात भाग घेणाऱ्या पेशंटच्या घरच्यांनाही आत काय चालतं ते कळावं.

हालचालीने नेमकं काय बिघडतं ते आधी सांगते. फंक्शनल एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनमध्ये, मोजतात तो बोल्ड सिग्नल, रक्तातल्या ऑक्सिजनवर अवलंबून असलेला. सेजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तो प्राण्यांच्या मेंदूत दाखवला. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात बारीकशी गडबड करतं, ऑक्सिजन धरलेलं करत नाही. एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं, गडबड कमी होते आणि सिग्नल वाढतो. किती वाढतो? ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं एकक) स्कॅनरवर एखाद-दोन टक्के, तोही पाच-सहा सेकंद उशिरा. याउलट ३ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या सगळ्यात लहान घनात, डोकं अर्धा मिलिमीटर जरी सरकलं, तर मेंदूच्या कडेला, जिथे एकीकडे करडा भाग (ग्रे मॅटर) आणि दुसरीकडे पाणी असतं, तिथला सिग्नल याच्या कितीतरी पट बदलतो. म्हणजे जे शोधायचं आहे ते कुजबुजीएवढं आणि हालचाल म्हणजे शेजारी वाजणारा ढोल.

रेस्टिंग स्टेट स्कॅनमध्ये तर हे जास्तच जाणवतं. भरत बिसवाल यांनी १९९५ मध्ये दाखवलं की माणूस काहीही न करता पडून असला तरी डाव्या आणि उजव्या मोटर कॉर्टेक्समधले, म्हणजे हालचाल चालवणाऱ्या भागांतले, संथ चढउतार एकमेकांच्या तालात चालतात. ०.०१ ते ०.१ हर्ट्झ इतके संथ. पुढे या तालावरून मेंदूतल्या जोडण्यांचे नकाशे काढायची पद्धत रुजली. २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी एकच गोष्ट मांडली: डोक्याची हालचाल लांबच्या भागांमधल्या जोडण्या खोटेपणाने कमी दाखवते आणि जवळच्या भागांमधल्या वाढवून दाखवते. आता हा नमुना डोळ्यांसमोर ठेवा. ‘पार्किन्सनमध्ये दूरच्या जोडण्या सैल पडतात’ हा निष्कर्ष दिसायला किती पटणारा आहे! आजाराकडून आपली जी अपेक्षा, तेच हालचालही घडवून आणते. म्हणूनच ती धोक्याची. निकाल विचित्र आला असता तर निदान शंका तरी आली असती.

रचनेच्या स्कॅनलाही यातून सुटका नाही. टी-वन, म्हणजे मेंदूची रचना दाखवणारं चित्र, पाच-सहा मिनिटं चालतं, आणि डोकं हललं की कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, आहे त्यापेक्षा पातळ आणि करड्या भागाचं घनफळ कमी मोजलं जातं. ‘मेंदू आक्रसला’ असा अहवाल लिहिण्याआधी चित्रात कपाळाच्या बाजूने आत येणाऱ्या पाण्याच्या लाटांसारख्या वळ्या आहेत का, ते बघायलाच हवं.

पार्किन्सनची एक खास गोष्टही आहे. त्यातला कंप हा विश्रांतीतला कंप. सेकंदाला ४ ते ६ वेळा. हात कामात असला की तो कमी होतो, झोपेत थांबतो, मनावर ताण आला की वाढतो. आणि आपण काय सांगतो? ‘हात सैल सोडा, काही करू नका, दहा मिनिटं शांत पडून राहा.’ कंप जोरात यायला याहून चांगली परिस्थिती शोधून सापडणार नाही.

हा कंप हालचालीच्या नेहमीच्या आकड्यांत नीट उतरत नाही, हेही कळायला हवं. दोन सेकंदांत मेंदूच्या ३३ चकत्या घेतल्या तर एका चकतीला साधारण ६० मिलिसेकंद मिळतात. कंपाचं एक आवर्तन सुमारे २०० मिलिसेकंदांचं. म्हणजे एका आवर्तनात तीन चकत्या, तिन्ही वेगळ्या जागी असताना घेतलेल्या. सॉफ्टवेअर मात्र दोन सेकंदांचा अख्खा मेंदू एकाच जागी होता असं धरून त्याला मागच्याशी जुळवतं. पुढे-मागे झालेलं सरासरीत पुसलं जातं आणि आलेख छान सपाट दिसतो. खरं काय ते चित्र उघडल्यावर कळतं. चकत्या एकाआड एक घेतल्या असतील तर मेंदू बाजूने बघा: कपाळाकडची कड कंगव्याच्या दातांसारखी दिसते, एक दात आत, एक बाहेर. शिवाय काही चकत्या शेजारणींपेक्षा काळपट असतात, कारण डोकं सरकल्यामुळे तो भाग ठरल्या वेळेच्या आधीच पुन्हा उत्तेजित झालेला असतो आणि सिग्नल भरून यायला त्याला अवधी मिळालेला नसतो. ही दोन चिन्हं ओळखायला शिकायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मी टीममधल्या प्रत्येक नव्या माणसाकडून घेते.

आता आखणी. पहिला निर्णय औषधाचा: स्कॅन ‘ऑन’मध्ये (औषध चालू असताना) की ‘ऑफ’मध्ये (औषध उतरल्यावर)? लेव्होडोपा हे या आजाराचं मुख्य औषध घेतलेल्या अवस्थेत कंप आणि ताठरपणा कमी असतो, पण मेंदूवर औषधाचा परिणाम चालू असतो, आणि काही पेशंटना मात्रा चढली की डिस्कायनेशिया, म्हणजे अंगाच्या आपोआप होणाऱ्या वळवळीसारख्या हालचाली होतात. ऑफमध्ये आजार उघडा दिसतो, पण पेशंट सगळ्यात जास्त त्रासात असतो. रूढ पद्धत म्हणजे रात्रीचा शेवटचा डोस झाल्यावर किमान १२ तासांनी, सकाळी, पहिल्या डोसआधी स्कॅन. दीर्घ परिणामाची औषधं असतील तर १२ तास पुरत नाहीत. हा निर्णय संशोधकाने परस्पर घ्यायचा नाही. उपचार करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टने नावानिशी लेखी द्यायचा. सोबत घरचं माणूस हवं, सकाळचा डोस आणि पाणी त्यांच्या हातात हवं, आणि स्कॅन संपताक्षणी गोळी द्यायची. मागची आवराआवर नंतर. पेशंटने आपल्यासाठी एक सकाळ त्रासात काढलेली असते, हे डोक्यात राहिलं की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप नीट होतात.

दुसरा निर्णय क्रमाचा. सोय म्हणून आधी सगळे पेशंट आणि नंतर सगळे निरोगी असं कधीही करू नये. मधेच स्कॅनरचं सॉफ्टवेअर बदलतं, कॉइलमधला, म्हणजे डोक्याभोवतीच्या सिग्नल टिपणाऱ्या पिंजऱ्यातला, एखादा चॅनल कमजोर होतो, टेक्निशियन बदलतो, आणि मग गटांमधला फरक की मशीनमधला फरक हे कुठल्याही गणिताने सोडवता येत नाही. पेशंट, निरोगी, पेशंट असे आलटून-पालटून घ्यावेत. आठवड्यातून एकदा फँटम, म्हणजे द्रव भरलेला ठरावीक गोळा, त्याच सिक्वेन्सने (स्कॅन घेण्याच्या ठरलेल्या कृतीने) स्कॅन करून सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर वहीत टिपून ठेवावं. ते एका आठवड्यात घसरलं तर त्याच दिवशी इंजिनिअरला फोन.

किती माणसं लागतील हे ठरवताना गाळणी आधीच धरून चालावं. ऑफमधल्या पेशंटांपैकी बरेच स्कॅन हालचालीमुळे बाद होतात, निरोगी गटातले त्या मानाने थोडे. शेवटी प्रत्येक गटात ३० चांगले स्कॅन हवे असतील तर पेशंटच्या बाजूला तीसपेक्षा बरेच जास्त बोलवावे लागतात, आणि संमतीपत्र, वेळ, मनुष्यबळ यांचा हिशोब त्या मोठ्या आकड्यावर करावा लागतो. अर्धवट डेटा घेऊन ‘बघू काहीतरी निघेल’ असं म्हणणं हा पेशंटच्या कष्टांचा अपमान आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

संमतीपत्रात एक परिच्छेद अनपेक्षित निष्कर्षांसाठी हवाच. निरोगी म्हणून आलेल्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्येही शंभरात सुमारे तिघांना काहीतरी सापडतं: रक्तवाहिनीचा फुगा, सिस्ट, क्वचित गाठ. चित्र कोण बघणार, किती दिवसांत, कोण कळवणार आणि कळून घ्यायचं नसेल तर काय, हे सगळं पहिल्या स्कॅनच्या आधी ठरलेलं असावं.

स्कॅनच्या दिवशी सुरक्षेची यादी वाचताना पार्किन्सनच्या पेशंटसाठी नेहमीच्या प्रश्नांत तीन गोष्टी वाढवते. पहिली, रोटिगोटिन या पार्किन्सनच्या औषधाचा, कातडीवर लावायचा पॅच. त्याच्या पाठीमागच्या थरात ॲल्युमिनियम असतं, स्कॅनमध्ये तापून कातडी भाजू शकते, म्हणून तो आधी काढायचा. पॅच खांद्याच्या मागे किंवा कमरेला, कपड्याखाली असतो. ‘अंगावर धातू आहे का?’ या प्रश्नाला पेशंट मनापासून ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीने तो कागदाचा तुकडा असतो. नाव घेऊनच विचारावं लागतं. आणि पॅच काढला म्हणजे औषधही काढलं, त्यामुळे वेळ टिपून ठेवायची. दुसरी, ॲपोमॉर्फिन हे औषध सतत देणारा पंप: तो बाहेरच ठेवायचा. तिसरी, डीप ब्रेन स्टिम्युलेशनचे, म्हणजे विजेने मेंदू उत्तेजित करायला आत बसवलेले, इलेक्ट्रोड. त्यांचं मॉडेल कोणतं, कुठल्या अटींवर स्कॅन चालतो, हे कागदोपत्री दिसल्याशिवाय दाराच्या आत पाऊल नाही. चुंबक रात्री-सुट्टीलाही चालूच असतो, हे नव्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

दारावरून आठवलं. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं, ज्याला फ्रीझिंग म्हणतात, ते अरुंद जागेत आणि दारात हमखास होतं. एमआरआयच्या खोलीचं दार जड, उंबरठा उंचावलेला, चालण्याची धातूची काठी बाहेर काढून ठेवलेली आणि पेशंट ऑफमध्ये. पडण्यासाठी याहून वाईट जागा नाही. दारापासून टेबलापर्यंत जमिनीवर पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावाव्यात. पेशंटने पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल सुटतं, डोळ्यांना दिसणारी खूण तिथे मदत करते. नाहीतर एमआरआयला चालणारी व्हीलचेअर. मागून ढकलायचं नाही आणि ‘चला, चला’ म्हणून घाई करायची नाही, त्याने पाय आणखी अडकतात.

लघवीला जाऊन यायला सांगायचं, अगदी आडवं होण्याच्या आधी. या आजारात लघवीची घाई नेहमीची असते आणि विसाव्या मिनिटाला स्कॅन थांबवावा लागतो तो बहुतेक याच कारणाने. एमडीएस-यूपीडीआरएसचा तिसरा भाग, म्हणजे हालचालींची १३२ गुणांची तपासणी, त्याच दिवशी, त्याच औषध-अवस्थेत, स्कॅनच्या आधी उरकायची. आठवडाभर जुना स्कोअर आजच्या मेंदूला जोडता येत नाही.

आता डोकं बसवणं. माझ्या मते अख्ख्या अभ्यासातली ही सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं. पाठीला बाक आलेल्या पेशंटचं डोकं गादीला टेकतच नाही. ते जबरदस्तीने टेकवलं तर मानेचे स्नायू विरोध करत राहतात आणि स्कॅनभर डोकं हळूहळू खाली-वर होतं. म्हणून गुडघ्याखाली जाड उशी, पाठ सैल पडते. डोक्याखाली लागेल तेवढाच पातळ स्पंज. ३२ चॅनलच्या कॉइलमध्ये जागा कमी असते. बाक जास्त असेल तर कमी चॅनलचं पण मोकळं कॉइल घ्यावं, सिग्नल थोडा कमी चालेल. मात्र मग अभ्यासातल्या सगळ्यांसाठी तेच. इअरप्लग नीट आत गेलेत ना ते बघून त्यावर हेडफोन, आणि हेडफोन व कॉइल यांच्यातल्या फटीत दोन्ही बाजूंनी स्पंजच्या पाचरी. पाचर बोटाने ढकलून बसली पाहिजे, ठोकून नाही. घट्ट दाबलेलं डोकं पंधराव्या मिनिटाला दुखायला लागतं आणि दुखणारं डोकं हलतं. शेवटी कपाळावरून एक कागदी चिकटपट्टी, दोन्ही टोकं कॉइलला. ती डोकं धरून ठेवायला नसतेच. डोकं जरा हललं की कातडी ओढली जाते, पेशंटला स्वतःला कळतं आणि तो स्वतःच थांबतो. दोन पैशांच्या वस्तूचा हा उपयोग फार मोठा आहे.

कंप असलेला हात पोटावर ठेवू देऊ नये, थरथर धडातून थेट डोक्याकडे जाते. हात अंगापासून जरा दूर, खाली मऊ उशी आणि वर वाळूची धातूविरहित पिशवी. दोन हात एकमेकांना किंवा उघड्या मांडीला चिकटू नयेत, कातडीला कातडी लागून वळसा तयार होतो आणि तिथे भाजण्याचा धोका असतो. मदतीचा फुगा, म्हणजे दाबल्यावर घंटी वाजते तो, बऱ्या हातात. नाडीचं क्लिपही बऱ्या हाताच्या बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला. कंपाच्या हाताला लावलं तर पडद्यावर नाडीऐवजी कंपच उमटतो आणि पुढे हृदयाच्या ठोक्यांचा परिणाम गणितातून काढायला काहीच हाती राहत नाही.

सगळ्यात शेवटी उजव्या कानशिलावर ई-जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल चिकटपट्टीने लावते. तेलामुळे ती टी-वन चित्रात मोत्यासारखी चमकते. पार्किन्सन एका बाजूने सुरू होतो, आणि पुढे विश्लेषणात अनेक जण सगळ्यांची जास्त बाधित बाजू एकाच दिशेला यावी म्हणून काही मेंदू आरशासारखे उलटवतात. रेडिओलॉजीची चित्रं पायांकडून बघितल्यासारखी, काही सॉफ्टवेअर डोक्याकडून बघितल्यासारखी. फायलींच्या रूपांतरात डावं-उजवं एकदा हुकलं तर अख्खा निकाल उलटा होतो आणि बघून कुणालाही कळत नाही. कॅप्सूल मात्र कधी खोटं सांगत नाही.

सिक्वेन्सचा क्रम असा ठेवते: लोकलायझर (डोक्याची जागा ठरवणारं झटपट चित्र), मग लगेच रेस्टिंग स्टेट, मग टी-वन, मग डिफ्युजन (मेंदूतल्या तंतूंची दिशा दाखवणारं), आणि सगळ्यात शेवटी न्यूरोमेलॅनिन (मेंदूतल्या एका गडद रंगद्रव्याचं चित्र). पुष्कळ ठिकाणी टी-वन आधी घेतात. मला वाटतं पहिली पंधरा मिनिटं पेशंट सगळ्यात आरामात असतो आणि ती सर्वांत नाजूक मोजमापाला द्यावीत. मात्र स्पंज दबायला आणि मान सैल व्हायला दोन मिनिटं लागतात, तेवढं थांबून मगच सुरू करायचं. एकूण वेळ टेबलावर ४० मिनिटांच्या वर नाही. एक सिक्वेन्स जास्त घ्यायचा मोह होतो, पण पन्नासाव्या मिनिटाला मिळालेला डेटा बहुतेक टाकूनच द्यावा लागतो.

रेस्टिंगसाठी दर दोन सेकंदांना एक, असे ३०० खंड (खंड म्हणजे पूर्ण मेंदूचं एक चित्र), म्हणजे दहा मिनिटं. सूचना तीनच: डोळे उघडे, समोरच्या फुलीकडे बघा, झोपू नका. डोळे उघडे ठेवायचं कारण पक्कं आहे. २०१४ मधल्या एका मोठ्या विश्लेषणात रेस्टिंग स्कॅनमधल्या जवळपास एक तृतीयांश लोकांची जाग पहिल्या तीन मिनिटांतच गेलेली दिसली. पार्किन्सनमध्ये दिवसा डुलकी येणं नेहमीचं, आणि झोपेत कंप थांबतो. म्हणजे सगळ्यात सुंदर, स्थिर दिसणारा स्कॅन हा झोपलेल्या पेशंटचा असू शकतो! कॅमेऱ्यावर डोळा दिसत असेल तर कुणीतरी दहा मिनिटं फक्त तोच बघत बसावं आणि मिटला ती वेळ लिहावी. सिक्वेन्सच्या मध्ये बोलताना ‘हो’ म्हणायला लावू नये, जबडा हलला की डोकं सरकतं. ‘ठीक असाल तर फुगा एकदा दाबा’ एवढंच. आणि चुंबकीय क्षेत्राचा नकाशा, किंवा उलट्या फेज दिशेने (चित्र ज्या दिशेत ताणलं जातं तिच्या उलट) घेतलेले चार-पाच खंड, रेस्टिंगला अगदी लागून घ्यावेत. त्यांच्यामुळे नाकाच्या पोकळ्यांवर आणि कानाजवळ ताणलं गेलेलं चित्र परत जागेवर आणता येतं. मध्ये डोकं हललं असेल तर तो नकाशा दुसऱ्याच डोक्याचा ठरतो.

टी-वन संपला की पेशंट आत असतानाच कन्सोलवर उघडायचा, उजेड वाढवायचा आणि डोक्याबाहेरच्या काळ्या भागात बघायचं. हालचालीचं भूत सगळ्यात आधी तिथे दिसतं: कवटीच्या पुसट सावल्या, एकापुढे एक. दिसल्या तर तेव्हाच पुन्हा घ्यायचा. पाच मिनिटं जातात, पण पेशंट घरी गेल्यावर ती पाच मिनिटं कुठूनही परत मिळत नाहीत.

न्यूरोमेलॅनिनच्या चित्रात सब्स्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे या आजारात पेशी गमावणारा मेंदूच्या खोलातला भाग, उजळ दिसतो, २००६ मध्ये ३ टेस्लावर हे पहिल्यांदा दाखवलं गेलं, आणि पार्किन्सनमध्ये ती उजळ पट्टी फिकी आणि अरुंद होते. सिग्नल थोडा म्हणून तेच चित्र अनेकदा घेऊन सरासरी काढतात. ती सरासरी स्कॅनरला काढू देऊ नये. प्रत्येक फेरी वेगळी साठवावी, नंतर जुळवावी, हललेली फेरी टाकून द्यावी. स्कॅनरने आतच मिसळली तर एका वाईट फेरीने सगळ्या नासतात.

पेशंटला बाहेर काढल्यावर लगेच उभं करायचं नाही. या आजारात उठल्यावर रक्तदाब झपकन पडू शकतो. दोन-तीन मिनिटं टेबलावर पाय सोडून बसू द्यायचं, मग आधार देऊन बाहेर, आणि गोळी.

संगणकाचं काम आता बरंचसं ठरावीक झालं आहे. स्कॅनरच्या डायकॉम फायली निफ्टी या संशोधनाच्या स्वरूपात, बिड्स या फोल्डरच्या ठरावीक रचनेत, मग एफएमआरआयप्रेप किंवा तत्सम पाइपलाइन, म्हणजे पायरीपायरीने डेटा साफ करणारं सॉफ्टवेअर. त्यात मी दोन ठिकाणी थांबते. एक, साच्याशी, म्हणजे सगळ्यांना सामाईक अशा प्रमाण मेंदूशी, जुळवणी. एमएनआय-१५२ हा साचा १५२ तरुण निरोगी मेंदूंच्या सरासरीचा. वयस्क पेशंटचे व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या, मोठे असतात आणि जुळवणीत त्यांच्या शेजारचा कॉडेट हा भाग थोडा बाहेर ढकलला जातो. मग ‘कॉडेट’ म्हणून ज्या जागेचा सिग्नल काढतो तिथे अर्धं पाणी असतं. प्रत्येक मेंदूवर साच्याची कड चढवून डोळ्यांनी बघावं. दोन, कॉर्टेक्स मोजणाऱ्या फ्रीसर्फर सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्या भागातले म्हातारपणाचे डाग. टी-वनवर ते काळपट दिसतात आणि सॉफ्टवेअर त्यांना करडा भाग समजतं. फ्लेअर चित्र (ज्यात हे डाग उजळ दिसतात) असेल तर आधी तिथे डाग आखून घ्यावेत.

हालचालीचा आकडा म्हणजे फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट: तीन सरकण्या आणि तीन फिरण्या यांतला आधीच्या खंडापासूनचा फरक, सगळा बेरजेत. फिरणं मिलिमीटरमध्ये आणायला ५० मिलिमीटर त्रिज्येचा गोल धरतात, म्हणजे एक अंश सुमारे ०.८७ मिलिमीटर. कुणी ०.५ वर कापतं, कुणी ०.२ वर. मी ०.५ मिलिमीटरच्या वरचे खंड, त्यांच्या आधीचा एक आणि नंतरचे दोन वगळते, आणि उरलेला डेटा पाच मिनिटांपेक्षा कमी असेल तर तो स्कॅन बाद. सोबत डीव्हार्स, म्हणजे एका खंडातून पुढच्यात संपूर्ण मेंदूचा सिग्नल किती उडतो ते. वर सांगितलेला कंप पहिल्या आकड्यातून निसटला तर पुष्कळदा इथे पकडला जातो. मल्टिबँडने, म्हणजे अनेक चकत्या एकदम घेऊन, सेकंदाच्या आत खंड घेत असाल तर आणखी एक फसवणूक: श्वासाबरोबर छाती हलते, त्याने क्षेत्र बदलतं, आणि डोकं न हलताही फेज दिशेत हलल्यासारखं दिसतं. ती लय गाळून मगच कापावं, नाहीतर चांगला डेटा फुकट जातो.

इथे एक खरा पेच आहे आणि त्यावर सोपं उत्तर नाही. गाळणी बारीक केली की ज्यांचा आजार जास्त तेच बाहेर पडतात आणि उरतात ते सौम्य पेशंट. गाळणी सैल केली की हालचाल आजाराच्या वेशात आत येते. सरासरी हालचाल गणितात सहचल म्हणून (तिचा परिणाम वजा करायला) घालावी तर आजाराची तीव्रता आणि हालचाल एकत्र वाढत असल्याने एकीबरोबर दुसरीही पुसली जाते. माझा कल दोन्ही गट हालचालीच्या आकड्यावर जुळवून घेण्याकडे आहे: निरोगी गटातही थोडे हलणारे लोक ठेवायचे आणि दोन्हीकडची सरासरी जवळ आणायची. मग जो फरक उरतो त्याबद्दल मला काही बोलता येतं. आणि गटातला फरक मेंदूतल्या भागांच्या जोड्यांमधल्या अंतराशी ताडून बघायचा. लांबच्या जोडण्या कमी आणि जवळच्या जास्त असा एकसारखा उतार दिसला तर मी तो निकाल आजाराच्या नावावर लिहीत नाही.

सब्स्टॅन्शिया नायग्रावर फंक्शनल निकाल सांगणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न व्हॉक्सेलचा असतो. ही रचना काही मिलिमीटर जाडीची, त्यात लोह भरपूर आणि आजारात ते वाढतं. लोहामुळे तिथला सिग्नल लवकर विझतो, ३० मिलिसेकंदांच्या एको टाइमला, म्हणजे सिग्नल वाचायच्या क्षणी, हाती थोडंच उरतं, शिवाय ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला हलतो. वरून ६ मिलिमीटरचं स्मूदिंग, म्हणजे चित्र पसरवून गुळगुळीत करणं, केलं की शेजारचा रेड न्यूक्लियस हा भागही त्यात मिसळतो. तिथे स्मूदिंग न करता, त्याच पेशंटच्या न्यूरोमेलॅनिन चित्रावर आखलेल्या जागेतूनच सिग्नल काढावा.

सांख्यिकीत क्लस्टरचा, म्हणजे एकत्र उजळलेल्या व्हॉक्सेलच्या पुंजक्याचा, उंबरठा सैल ठेवू नये. २०१६ मध्ये एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांचेच खोटे गट पाडून दाखवलं की काही पद्धतींत पाच टक्क्यांऐवजी सत्तर टक्क्यांपर्यंत चुकीचे ‘शोध’ लागतात. पहिला उंबरठा ०.००१, आणि जमेल तिथे परम्युटेशन, म्हणजे गटांची नावं पुन्हा पुन्हा अदलाबदल करून केलेली चाचणी.

निबंध लिहिताना पहिला तक्ता बाद झालेल्यांचा ठेवते: प्रत्येक गटात किती आले, किती स्कॅन पूर्ण झाले, किती हालचालीमुळे गेले, किती झोपेमुळे, आणि गेलेल्यांचा यूपीडीआरएस उरलेल्यांपेक्षा किती वेगळा होता. त्याच्या शेजारी दोन्ही गटांची सरासरी हालचाल. बहुतेक वेळा गेलेल्यांचा स्कोअर जास्तच असतो. मग निष्कर्षाच्या वाक्यात ‘पार्किन्सनमध्ये’ असं न लिहिता ‘ऑफ अवस्थेत दहा मिनिटं स्थिर राहू शकणाऱ्या पेशंटांमध्ये’ असं लिहिते. वाक्य लांब होतं, परीक्षक कधी कधी ते कापायला सांगतात, मी कापत नाही. तेच पेशंट दीड-दोन वर्षांनी पुन्हा स्कॅनला बोलावले जातात, आणि तेव्हा पहिल्या दिवशीच्या वहीत डोक्याखालच्या स्पंजची जाडी, गुडघ्याखालची उशी, कॉइल आणि शेवटच्या डोसची वेळ लिहिलेली नसेल तर दुसऱ्या स्कॅनची तुलना कशाशी करायची, हा प्रश्न उरतो. म्हणून ती वही मी डेटासोबतच साठवते.